दवाखान्यापर्यंतची वाट : आफ्रिकेचा अनुभव आणि आपला मराठवाडा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आफ्रिकेतील आजारांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रांतून अधूनमधून येतात आणि त्या बहुतेक वेळा साथीच्या असतात. इबोला आला, कॉलरा पसरला, इतके जण दगावले, एवढे छापून येते आणि साथ ओसरली की तो सारा मुलूख पुन्हा विस्मरणात जातो. ५४ देशांच्या त्या खंडाचा उल्लेख 'आफ्रिकेत' अशा एकाच शब्दात उरकला जातो, याचेही मला वाईट वाटते. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा ते मोझांबिकची राजधानी मापुतो हे अंतर काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराहून अधिक आहे आणि तेवढ्या पट्ट्यात आरोग्यसेवेचे किती वेगवेगळे प्रयोग झाले, याची आपल्या वाचकांना कल्पनाही नसते. त्या प्रयोगांच्या मुळाशी एकच प्रश्न होता. दवाखाना उभा असतानाही माणसे तेथे का पोहोचत नाहीत, आणि ती पोहोचावीत म्हणून काय करावे लागते? हा प्रश्न बीड, धाराशिव, परभणी आणि हिंगोलीचाही आहे, म्हणून हे पत्र.

मी बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत ३४ वर्षे आधी आरोग्य सेविका व नंतर आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली आणि २०१८ मध्ये निवृत्त झाले. नव्वदच्या दशकात आमच्यापैकी काही जणींना जामखेडला प्रशिक्षणासाठी पाठवले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे सुरू केलेले काम पाहायला जगभरातून लोक येत असत, आणि त्या वेळी आमच्यासोबत मलावी देशातील एक परिचारिका होत्या. त्यांचे इंग्रजी आणि आमचे मराठी यांच्यामध्ये तेथील एक कार्यकर्ती दुभाषी होऊन बसे. आपल्या भागात बाळंतपणासाठी बायका किती लांब चालत येतात, हे त्या सांगू लागल्या, तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, "ह्या तर आपल्याच डोंगरपट्ट्याचं सांगतायत." ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तसे मी त्या देशांविषयी मिळेल ते वाचत गेले.

ज्या कामाने मला या नोकरीचा अर्थ कळला, ते काम नारूचे होते. आज पन्नाशीच्या आतल्या वाचकांना नारू म्हणजे काय हे सांगावे लागेल, इतका तो रोग आपल्याकडून हद्दपार झाला आहे. पायातून बाहेर पडणारा तो हातभर लांबीचा जंत काडीला गुंडाळून दररोज थोडाथोडा ओढायचा, घाईने तुटला तर पाय सुजायचा आणि ऐन पेरणीत माणूस अंथरुणाला खिळायचा. या रोगावर ना लस होती, ना औषध. बारवेत पायऱ्या उतरून पाणी भरणे बंद करणे, पाणी कापडाने गाळून पिणे, विहिरीत टेमिफॉस हे कीटकनाशक टाकणे आणि जखम झालेल्या माणसाला पाण्यात उतरू न देणे, एवढाच काय तो उपाय. त्यासाठी घरोघरी जावे लागे, आणि लोक ऐकत ते सेविका ओळखीची झाली म्हणून. भारत २००० साली नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. १९८६ मध्ये जगात नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण असावेत असा अंदाज होता, त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत. २०२३ मध्ये साऱ्या जगात १४ नोंदले गेले. सुदानमध्ये यादवी युद्ध चालू असताना १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी मध्यस्थी करून नारूच्या कामासाठी काही महिन्यांची युद्धबंदी घडवून आणली होती. ज्या खंडाला आपण केवळ रोगराईचे माहेरघर समजतो, तेथील गावोगावच्या स्वयंसेवकांनी कापडाच्या गाळणीने हे करून दाखवले आहे. पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगते, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे मूळ गाव खडकी १६१० मध्ये वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, आणि या शहराला नहरीने पाणी आणून देण्याचे श्रेयही त्याचेच. आफ्रिकेतून आलेल्या माणसाने आपल्या लोकांच्या आरोग्याची सोय केली, हे आपण किती सहज विसरून गेलो!

आता मुख्य मुद्द्याकडे येते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कर्जाखाली दबलेल्या अनेक आफ्रिकी देशांनी सरकारी दवाखान्यांत शुल्क घ्यायला सुरुवात केली. जागतिक बँकेचा तसा आग्रह होता आणि थोडे पैसे द्यावे लागले तर लोकांना सेवेची किंमत कळेल, असेही सांगितले जात असे. केनियात डिसेंबर १९८९ मध्ये शुल्क लागू झाले आणि बाह्यरुग्ण इतके घटले की पुढच्याच वर्षी ते स्थगित करावे लागले. पुढे केनियातच झालेल्या एका अभ्यासात, गरोदर स्त्रियांना मलेरियापासून वाचवणारी औषधी मच्छरदाणी फुकट देण्याऐवजी जेमतेम ६० सेंटला दिली, तर ती घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के बिंदूंनी घसरते, असे दिसले. ज्यांच्या हातात रोकड नसते त्यांना थोडी किंमतही थोडी नसते, हे आपल्याकडच्या मजुरी करणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले. त्याबरोबर गर्दी उसळली, आणि त्या गर्दीत गरीब माणसे अधिक होती.

मात्र युगांडाची गोष्ट येथे संपत नाही, आणि आपण लक्ष द्यावे ते त्यापुढच्या भागाकडे. शुल्क गेल्यानंतर काही वर्षांनी अभ्यासकांनी घरोघरच्या खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा आजारपणामुळे कर्जबाजारी होण्याएवढा खर्च करावा लागणाऱ्या गरीब कुटुंबांचे प्रमाण कमी झालेले नव्हते. दवाखान्यात गर्दी वाढली, पण औषधे त्या मानाने वाढली नाहीत. मग डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून द्यायची आणि रुग्णाने बाहेरच्या दुकानातून आणायचे, असे होऊ लागले.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क झाले. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले होते, आजही करते, आणि केसपेपरच्या पैशांसाठी कनवटीच्या गाठी सोडणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिलेल्या असल्यामुळे त्याचे मोल मला कळते. तरीही गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या सुनेला घेऊन एका सरकारी रुग्णालयात दोन दिवस राहिले, तेव्हा केलेला हिशेब मी जपून ठेवला आहे. रुग्णालयाने एक पैसाही घेतला नाही. जीपचे जाता-येता ८०० रुपये लागले, इंजेक्शन आणि गोळ्या बाहेरच्या मेडिकलमधून ६४० रुपयांच्या आणाव्या लागल्या, तिच्या नवऱ्याची दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि घरी असलेल्या पोरांकडे पाहायला शेजारणीचाही एक दिवस मोडला. ज्या घरात हे पैसे नाहीत त्या घरातली सून दुसऱ्या खेपेला गेलीच नसती. मग आपण म्हणालो असतो की लोक अडाणी आहेत, वेळेवर दाखवत नाहीत. हा शब्द मी नोकरीत असंख्य वेळा ऐकला, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत तो माझ्याही तोंडी होता, हे येथे कबूल करायला हवे.

बाळंतपणात स्त्रिया का मरतात, याचा विचार करताना सेरीन थाडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ मध्ये तीन विलंब सांगितले होते. घरात निर्णय व्हायला उशीर, दवाखान्यापर्यंत पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे २ लाख ८७ हजार स्त्रियांचा मृत्यू गरोदरपणात किंवा बाळंतपणात झाला आणि त्यांतील सुमारे ७० टक्के सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होत्या. आपल्या राज्याची स्थिती त्याहून पुष्कळ चांगली आहे, यात शंका नाही. पण एखादी माता दगावल्यावर आमच्या बैठकीत जी चौकशी होई, तिच्यात हेच तीन उशीर दर वेळी समोर येत. पहिल्या उशिराचा दोष आम्ही घरच्यांवर ठेवत असू. खरे तर तिसऱ्या उशिराचा अनुभव गावाला आलेला असतो म्हणूनच पहिला उशीर होतो. मागच्या खेपेला जिला ताटकळत ठेवले, जिच्यावर कोणी खेकसले, 'इथं होणार नाही, पुढं न्या' म्हणून जिला ऐन रात्री दुसऱ्या गावी पाठवले, तिची गोष्ट पुढची दहा वर्षे त्या वस्तीवर सांगितली जाते.

इथिओपियाने हे ओळखले, आणि ओळखायला त्या देशालाही वेळ लागला. २००३ पासून त्यांनी दहावी झालेल्या तरुणींना एक वर्षाचे प्रशिक्षण देऊन, साधारण पाच हजार लोकसंख्येमागे दोघी, अशा गावोगावी नेमल्या. अशा तीस हजारांहून अधिक स्त्रिया कामाला लागल्या. लसीकरण, कुटुंब नियोजन, शौचालये यांत त्यांचा उपयोग झाला, पण बाळंतपणे मात्र घरीच होत राहिली. २०११ च्या पाहणीत दर शंभरातील जेमतेम दहा बाळंतपणे दवाखान्यात झालेली होती. पुढे २०१६ मध्ये २६ आणि २०१९ मध्ये ४८, असा आकडा चढत गेला. या काळात तालुक्यांना रुग्णवाहिका मिळाल्या आणि जेथे रुग्णवाहिका जात नव्हती तेथे गावकऱ्यांनी खाटेवरून बाई उचलून रस्त्यापर्यंत आणायची पाळी लावून घेतली. आरोग्य केंद्राशेजारी प्रतीक्षागृहे बांधली गेली, म्हणजे दिवस भरत आलेली बाई आठ-पंधरा दिवस आधी येऊन राहू शकेल. अनेक केंद्रांत बाळंतिणीसाठी घरच्यासारखी पेज शिजवण्याची आणि सोबत आलेल्या बायकांना कॉफी करून पिण्याची सोय झाली. त्यांच्याकडे बाळंतपणानंतरची ती पेज आणि ती कॉफी म्हणजे आपल्याकडचा शेक, शेगडी आणि डिंकाचा लाडू. एखाद्या अधिकाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. ज्या बाईला पहिल्या बाळंतपणाला थंड फरशीवर, सासूला दाराबाहेर थांबवून, एकटीला झोपवले गेले आहे, तिला ती क्षुल्लक वाटणार नाही.

आपल्या राज्यात आदिवासी भागांसाठी 'माहेरघर' नावाची अशीच योजना आहे, आणि मराठीत याहून सुंदर नाव सुचले नसते. ती बालाघाटाच्या रांगांतील वाड्या-तांड्यांसाठी का नसावी, असा माझा जुना प्रश्न आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की काही वस्त्या आजही एक-एक दिवस तुटतात आणि १०८ चा फोन लागला तरी गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबते.

इथिओपियाच्या त्या तरुणी सरकारच्या पगारी नोकर आहेत. आपल्याकडच्या आशाताई २००५ नंतर आल्या, आणि त्यांनी जे काम केले ते मी अगदी जवळून पाहिले आहे. रात्री-अपरात्री बाळंतिणीसोबत जाणारी, क्षयाची औषधे खाऊ घालणारी, कोरोनाच्या काळात तोंडाला साधा रुमाल बांधून घरोघरी तापमान मोजणारी ती बाई अजूनही कागदोपत्री स्वयंसेविका आहे आणि तिचा काही मोबदला कामाच्या नगांवर मोजला जातो. त्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा संपावर जावे लागते. इथिओपिया आपल्याहून गरीब देश आहे; त्याला जे झेपले ते आपल्याला झेपणार नाही, हे मला पटत नाही.

माझ्या वाचनात आलेला सर्वांत मोलाचा प्रयोग मोझांबिकमधील तेते प्रांताचा आहे आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराला २००० च्या सुमारास दर रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली आणि जगाचे चित्र पालटले. औषध स्वस्त झाले, पुढे फुकटही झाले. तरीही तेतेमध्ये रुग्ण मध्येच उपचार सोडून देत, कारण महिन्याच्या गोळ्या आणायला पूर्ण दिवस चालायचे, रांगेत उभे राहायचे आणि पुन्हा परत यायचे, आणि तब्येत सुधारल्यावर तर माणूस शेतावर जाणार. तेव्हा 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' संघटनेने तेथील सरकारी यंत्रणेसोबत २००८ मध्ये एक साधी युक्ती केली. एकाच परिसरातील सहा जणांपर्यंतचे गट केले. दर महिन्याला गटातील एकाने जायचे, स्वतःची तपासणी करून घ्यायची, सर्वांच्या गोळ्या आणायच्या आणि गावात वाटायच्या. अशा रीतीने प्रत्येकाची पाळी सहा महिन्यांतून एकदा आली. गटात कोणी गोळ्या चुकवू लागला तर बाकीच्यांना आधी कळू लागले, आणि ज्या आजाराचे नाव घ्यायलाही लोक लाजत, त्याविषयी सहा माणसे एकमेकांशी बोलू लागली. उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण या गटांत अगदी कमी राहिले.

आपल्याकडे आता रक्तदाब आणि साखर यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. सरकारी केंद्रात त्या फुकट मिळतात, पण अनेकदा पंधरा दिवसांच्या किंवा महिन्याच्याच, आणि त्यासाठी सत्तरीच्या माणसाने काळी-पिवळीत बसून जायचे. दोन खेपा झाल्या की तो गोळ्या बंद करतो आणि तिसऱ्या महिन्यात अर्धांगाचा झटका येऊन संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पोहोचतो. तेतेसारखे गट आपल्या बचत गटांच्या बायका आठ दिवसांत उभे करतील. त्यासाठी इमारत नको, यंत्र नको. एकाच्या केसपेपरवर सहा जणांच्या गोळ्या देण्याची केंद्रातील फार्मासिस्टला परवानगी आणि तेवढा साठा, एवढेच हवे.

लसींबाबत मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात दर काही वर्षांनी मेंदूज्वराची भयंकर साथ येत असे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली आणि अर्ध्या डॉलरहूनही कमी किमतीची लस डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून देण्यास सुरुवात झाली आणि ही लस ज्यावर होती तो 'ए' प्रकारचा मेंदूज्वर तेथून जवळजवळ नाहीसा झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाची मलेरियावरील आर-२१ ही लसही, जिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली, पुण्यातच तयार होते. मलेरियाने दरवर्षी सुमारे सहा लाख माणसे मरतात आणि त्यांत आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले सर्वाधिक असतात, म्हणून या कामाचे मोल फार मोठे आहे. मात्र ही लस चार वेळा द्यावी लागते. मलावी, घाना आणि केनिया येथे २०१९ पासून आधीच्या मलेरिया लसीची चाचणी झाली, तेव्हा मूल दोन वर्षांचे होताना द्यायच्या चौथ्या डोसला गळती दिसली, कारण त्या वयात आईला दवाखान्यात यायला दुसरे कारण उरत नाही.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ऊसतोडीसाठी कोयत्यावर जाणाऱ्या आया आल्या. दसरा-दिवाळीला टोळी उचल घेऊन निघते, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाशेजारी कोप्या पडतात आणि पोरांचे लसीचे कार्ड गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत राहते. गावच्या सेविकेच्या वहीत ते मूल 'स्थलांतरित' म्हणून लिहिले जाते, तिकडच्या सेविकेच्या वहीत ते नसतेच. गरोदर बाईचे तेच. मार्च-एप्रिलमध्ये टोळी परतते तेव्हा कित्येकींची बाळंतपणे फडावरच झालेली असतात आणि लोहाच्या गोळ्यांचे, तपासण्यांचे सारे महिने कोरे असतात.

सेवा न मिळण्याइतकेच चुकीची सेवा मिळणेही घातक असते, हे आपल्या जिल्ह्याने साऱ्या देशाला दाखवून दिले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, अंगावरून जाणे थांबत नाही, सरकारी केंद्रात स्त्री डॉक्टर भेटत नाही आणि खासगीत 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली जाते. अशा कोंडीत सापडलेल्या तिशीतल्या बाईने दुसरे काय करावे?

विश्वास एकदा गेला की तो परत मिळवायला किती काळ लागतो, याची उदाहरणे आफ्रिकेत विपुल आहेत. नायजेरियातील कानो शहरात १९९६ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत एका बड्या परदेशी कंपनीने मुलांवर नव्या औषधाची चाचणी केली आणि पालकांची नीट संमती घेतली नाही, असा आरोप झाला. तेथेच २००३ मध्ये लोकांनी पोलिओ लसीवर बहिष्कार टाकला आणि पोलिओ अनेक देशांत पुन्हा पसरला. धर्मगुरू आणि पारंपरिक सरदार यांना सोबत घेऊन घरोघरी समजूत घालावी लागली. आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर व्हायला २५ ऑगस्ट २०२० उजाडला. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत २०१४ ते २०१६ या काळात इबोलाने ११ हजारांहून अधिक बळी घेतले, तेव्हा लोक रुग्ण लपवून ठेवत, कारण पांढऱ्या पोशाखातली माणसे येऊन आपल्या माणसाला नेतात आणि त्याची माती कुठे झाली हेही कळत नाही, असा त्यांचा अनुभव होता. पुढे कुटुंबाला सुरक्षित अंतरावर उभे राहून प्रार्थना करू दिली, कबरीवर नाव लावले, तेव्हा लोक आपण होऊन कळवू लागले. कोरोनात ज्यांना आपल्या माणसाचे तोंड पाहता आले नाही, अशी कुटुंबे आपल्याही प्रत्येक गावात आहेत, त्यामुळे यावर मी अधिक लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच होते. त्यांपैकी डॉ. डिक्सन चिबांदा यांची एक तरुण रुग्ण बसभाड्याला पैसे नाहीत म्हणून त्यांच्याकडे येऊ शकली नाही आणि तिने जीव दिला. त्यानंतर २००६ मध्ये त्यांनी हरारेतील म्बारे वस्तीत चौदा आज्यांना प्रशिक्षण दिले आणि दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक ठेवला. आजीने बाकावर बसायचे, आलेल्या माणसाचे ऐकून घ्यायचे आणि त्याच्यासोबत एकेका अडचणीतून वाट काढायची. नैराश्य हा शब्द तेथे कोणी वापरत नाही. शोना भाषेत 'कुफुंगीसिसा', म्हणजे फार विचार करणे, असे म्हणतात. आपल्याकडेही बायका 'डोक्यात विचार लई येतात' असेच सांगतात. या बाकाचा उपयोग होतो, हे २०१६ मध्ये शास्त्रीय चाचणीतूनही सिद्ध झाले. आपल्या राज्यात २०१५ पासून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प आहे, आशाताई प्रश्नावली भरून घेतात, जिल्हा रुग्णालयात समुपदेशक असतो. पण जिल्हा रुग्णालय ६० किलोमीटरवर आणि ज्याच्या मनात वाईट विचार घोळतो आहे तो माणूस पारावर एकटा. पार आपल्याकडे आहेत, आणि ऐकून घेणाऱ्या म्हाताऱ्या बायकाही.

पैशाविषयी थोडक्यात सांगते. आफ्रिकी देशांनी २००१ मध्ये अबुजा येथे अर्थसंकल्पाचा १५ टक्के हिस्सा आरोग्याला देण्याचे ठरवले आणि बहुतेकांनी ते पाळले नाही. बाहेरच्या मदतीवर विसंबलेली अनेक केंद्रे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत रोखताच अडचणीत आली. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आठ टक्क्यांहून अधिक खर्च करावा असे म्हटले होते. महाराष्ट्र त्या पातळीला अद्याप पोहोचलेला नाही.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी प्रत्येक तालुका आरोग्य कार्यालयाने आपल्या गावांतून जाणाऱ्या गरोदर स्त्रियांची आणि पाच वर्षांखालील मुलांची यादी संबंधित कारखान्याच्या तालुक्याला पाठवली आहे का, एवढा एक प्रश्न त्यांनी विचारावा आणि मिळालेले उत्तर छापावे, अशी माझी विनंती आहे. आमच्या गावापुरती यादी आमच्या आशाताई आणि मी मिळून करायला घेतली आहे. तिच्यात आजवर ११ गरोदर बायकांची नावे आली आहेत. त्यांपैकी चौघी कोणत्या कारखान्यावर जाणार, हे मुकादमाने त्यांना अजून सांगितलेले नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
(जि. बीड)